हवा खराब असताना सायकलने कामावर जावं का?

तुम्ही विचारलंय की रोज जाऊन-येऊन ऐंशी मिनिटं सायकल होते, मग थंडीत हवा बिघडली की सायकल ठेवून गाडी काढावी का. मला लहानपणापासून दमा आहे आणि मीही सायकलनेच कामावर जाते, त्यामुळे हा प्रश्न मला दर हिवाळ्यात पडतो. माझं मत: अख्ख्या मोसमाचा निर्णय एकदम घेऊ नका, रोज सकाळी घ्या.

गाडीच्या काचा लावल्या की आपण सुटलो, हा गैरसमज आहे. कोंडीत पुढच्या गाडीचा धूर एसीवाटे सरळ आत येतो. आतलीच हवा फिरवणारं बटण दाबलं तर कण बरेच कमी होतात, पण कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि डोळ्यांवर झापड येते. सायकलवर कण कमी भेटले तरी श्वास दुप्पट-तिप्पट घेतला जातो, हेही खरं. केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये हा हिशेब मांडला होता: पीएम २.५ ची, म्हणजे हवेतल्या अतिबारीक कणांची, सरासरी घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम असेल, तर दिवसाला साधारण दीड तासापर्यंत सायकलचा फायदा नुकसानापेक्षा जास्त, त्यापुढे पारडं फिरतं. तुमची ऐंशी मिनिटं जेमतेम या मर्यादेत बसतात. फक्त अ‍ॅपवरचा एक्यूआय (हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक) म्हणजे मायक्रोग्रॅम नव्हे. पीएम २.५ चा मायक्रोग्रॅममधला आकडा बरेचदा वेगळा दिलेला असतो, तो बघा.

मला सगळ्यात जास्त फरक पडला तो वेळेने. पहाटेची हवा स्वच्छ, असं आपण धरून चालतो, पण थंडीत बरेचदा उलटं असतं. रात्री जमीन गार पडते, तिच्यालगतची हवा गार होते आणि वर उबदार हवेचं झाकण बसतं. धुराला वर जायला वाटच उरत नाही. ऊन चढलं की ते झाकण सुटतं. मी साहेबांशी बोलून आठऐवजी दहाला निघायला लागले आणि पुलाच्या चढावर छातीत वाजणारी शिटी बरीच कमी झाली. संध्याकाळी झाकण पुन्हा बसू लागतं, म्हणून जमेल तितकं लवकर परत निघते.

दुसरं, हमरस्ता सोडा. एक गल्ली आतून गेलात तर पाच मिनिटं जास्त लागतील, पण बसच्या नळकांड्यामागे सिग्नलला उभं राहणं टळेल.

रुमाल किंवा कापडी मास्क बारीक कणांना फारसा अडवत नाही, एन९५ च हवा. माझा पांढराशुभ्र मास्क चार दिवसांत बाहेरून राखाडी होतो, आतून पांढराच राहतो. चष्म्यावर वाफ धरली तर नाकावरची पट्टी नीट बसलेली नाही, हवा तिथून आत-बाहेर होतेय, असं समजा.

फारच वाईट दिवशी मी सायकल काढत नाही, बसने जाते. एकटीसाठी गाडी काढायला मन धजत नाही. तिचा धूर शेवटी फुटपाथवरून शाळेत चाललेल्या पोरांच्याच नाकात जाणार.

तुम्हालाही दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर तो दीड तासाचा हिशेब तुमच्यासाठी नाही. किती चालवायची ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या आणि दम्याचा पंप (इनहेलर) असेल तर तो खिशात ठेवा, पाठीवरच्या बॅगेत नको.