टॉवर लाइनखाली गाई बिनधास्त चारा, सांभाळायचं ते शेतातल्या छोट्या लाइनच्या तारांना

दादा, तुमचा प्रश्न असा की पडीक दोन एकरावरून २२० केव्हीची (दोन लाख वीस हजार व्होल्टची) टॉवर लाइन गेलीय, खाली गवत चांगलं येतंय, पण घरचे म्हणतात तिथं चारल्या तर गाई आटतात, गाभडतात. माझ्या रानातून अशीच लाइन जाऊन १९ वर्षं झाली, तेव्हापासून गुरं तिच्याखालीच चरतात, तिथंच वाढलेल्या कालवडींची चार-चार वेतं झाली. सोडा तुम्ही.

२२० केव्हीची सगळ्यात खालची तार जमिनीपासून निदान सात मीटर वर ठेवावी लागते, तेवढ्या उंचीवरून खाली चरणाऱ्या गाईला काही होत नाही. पावसाळी हवेत घूं घूं आवाज येतो त्याला माणसं घाबरतात, पण गुरं दोन दिवसात सरावतात. कॅनडात मॅकगिल विद्यापीठात ७३५ केव्हीच्या लाइनखाली असतं तसं विजेचं फील्ड गोठ्यात तयार करून दुभत्या गाई ठेवून पाहिल्यात, थोडेफार फरक दिसले पण नेहमीच्या चढउतारातलेच. गाय गाभडली तर लाइनला दोष देत बसू नका, आधी डॉक्टरकडून ब्रुसेलोसिसची तपासणी करून घ्या, आणि पडलेल्या गर्भाला, जाराला उघड्या हाताने शिवू नका, तो रोग माणसाला पण होतो.

खरा धोका आपल्या शेतातल्या छोट्या लाइनचा, ११ केव्ही आणि मोटारीची एलटी म्हणजे कमी दाबाची लाइन, लोंबलेल्या तारा, गवतात बुडालेली डीपी म्हणजे ट्रान्सफॉर्मर, आणि खांबाचा ताण, म्हणजे खांब ओढून धरायला जमिनीत गाडलेली तिरकी तार. माझा खिल्लार बैल असाच गेला. आषाढातली झड होती, ताणाच्या तारेतली करंट अडवणारी ती चिनी मातीची अंड्यासारखी चिमणी फुटलेली, मी महिनाभर येता-जाता बघत होतो आणि दोनदा तोंडी सांगून गप्प बसलो होतो. बैलाने मान खाजवायला ताणाला अंग लावलं आणि जागेवर गुडघ्यावर आला. मी कासरा धरायला धावलो तर गड्याने मागून कंबरेला मिठी मारून ओढलं, नाहीतर मी पण गेलो असतो, कासरा भिजून चिंब होता.

तार तुटून पडली की शॉक बसायला तिला चिकटलंच पाहिजे असंही नाही. करंट ओल्या जमिनीत पसरतो, गुराच्या पुढच्या-मागच्या पायात चार-पाच फुटांचं अंतर, म्हणून तो एका पायातून शिरून छातीतून दुसऱ्या पायात उतरतो. आपण चप्पल घालून पाय जवळ ठेवून उभे असतो तिथं गाय मरते. म्हणून वळवाच्या किंवा रात्रीच्या वादळी पावसानंतर आधी स्वतः लांबून तारा बघा, मगच दावी सोडा. तार पडलेली दिसली तर लांब थांबून १९१२ ला फोन करा, लाइन बंद झाली असं वायरमनने सांगेपर्यंत जवळ जायचं नाही, जनावर तडफडत असलं तरी.

तुमच्या टॉवर लाइनखाली मुख्य गोष्ट जपायची, काटेरी तारेचं कुंपण. लाइनला समांतर लांबच लांब तार ओढली की तिच्यात आपोआप करंट येतो, हात लावला की झटका बसतो. मधे मधे तार तोडा आणि जागोजागी अर्थिंग द्या. झटका मशीनची (कुंपणात हलका करंट सोडणाऱ्या यंत्राची) तार तर लाइनच्या बाजूने नेऊच नका. कडब्याची गंजी तिथं रचायची नाही, आणि शेळ्यांना पाला पाडायला लांब आकडी घेऊन कुठल्याच तारेखाली जायचं नाही, ओला बांबू पण करंट धरतो.

अजून एक, जनावराची ओळख पटवायला कानातले बिल्ले मारले नसतील तर ह्याच आठवड्यात मारून घ्या. शॉकने जनावर गेलंच तर ते हलवू नका, फोटो काढा, पंचनामा आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचं पोस्टमॉर्टेम जागेवरच करून घ्या, विद्युत निरीक्षकाकडे लेखी कळवा. मी बैल बघवत नव्हता म्हणून संध्याकाळीच पुरला, आणि भरपाई मागायला गेलो तेव्हा हातात एक कागद नव्हता.

तुमच्याकडे कुंपण असेल तर ते लाइनच्या कोणत्या बाजूने आहे आणि किती लांब ते सांगा, अर्थिंग कुठं द्यायचं ते सांगतो.