भिंतीवर घरच्यांचे फोटो लावताय? आधी एवढं करा

ताई, आजी-आजोबांचा लग्नातला फोटो हॉलमध्ये लावायचं ठरवलंत, फार छान. सुरुवातीला तीनच गोष्टी सांभाळा.

१. मूळ फोटो भिंतीवर नको. ६०० डीपीआयला (म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके, इतक्या बारकाईने) स्कॅन करून त्याची प्रिंट लावा. मूळ प्रत कोरड्या कपाटात, अंधारात ठेवा.

२. काच आणि फोटो यांच्यामध्ये माउंट, म्हणजे फोटोभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट, हवाच. आमच्याकडे वडिलांच्या मुंजीचा फोटो थेट काचेला टेकलेला होता. दोन पावसाळ्यांत ओल धरली आणि चेहराच काचेला चिकटला. सोडवायला गेलो तर गालाचा तुकडा निघाला. अजून हळहळ वाटते. असा फोटो ओढू नका, काचेसकट स्कॅन करा.

३. थेट ऊन पडणारी आणि बाथरूमला लागून असलेली भिंत टाळा.

नवखे लोक फ्रेम फार उंच टांगतात. फ्रेमचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटीमीटरवर ठेवा. पहिल्याच दिवशी वीस फ्रेम नकोत, चार पुरे.

आणि हो, फोटोतल्या सगळ्यांची नावं आजीला विचारून आजच मागच्या बाजूला लिहा, मऊ पेन्सिलने, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. दिव्यांचं, मांडणीचं नंतर बघू.