वाचकांचे प्रश्न : मोठ्या रायफलीच्या पुंगळीत काळी दारू भरावी का?

प्रश्न : आमच्या आजोबांची ३७५ मॅग्नम रायफल वडिलांच्या नावावर रीतसर परवान्याने आहे. तिची काडतुसे मिळत नाहीत आणि मिळाली तरी किंमत परवडत नाही. घरात जुन्या रिकाम्या पुंगळ्या (काडतुसांची पितळी कवचे) जपून ठेवलेल्या आहेत आणि गावात ठासणीच्या बंदुका असल्यामुळे काळी दारू आम्हाला नवी नाही. परदेशातले हौशी लोक अशा पुंगळ्यांत काळी दारू भरतात, असे ऐकले. ते आपल्याकडे जमेल काय? त्याने रायफल फुटेल काय? (एक वाचक, खानापूर तालुका, जि. बेळगाव)

उत्तर : प्रथम कायद्याचे सांगतो, कारण त्यात तडजोड नाही. रायफल बाळगण्याचा परवाना म्हणजे काडतूस तयार करण्याचा परवाना नव्हे. रिकाम्या पुंगळीत दारू आणि गोळी भरून पुन्हा काडतूस करणे हे दारूगोळा बनवणेच आहे, आणि त्याला १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या पाचव्या कलमान्वये स्वतंत्र परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याविना असे काम करणाऱ्याला किमान सात वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप अशी शिक्षा आहे. कोडगूतल्या (कुर्गमधल्या) लोकांना बंदुकीच्या परवान्यातून जी जुनी सूट आहे तिचा दाखला आपल्याकडे अनेक जण देतात, पण ती सूट बेळगाव जिल्ह्याला लागू नाही, आणि तिचा काडतुसे बनवण्याशी काहीही संबंध नाही. तेव्हा आपण हे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही प्रश्नातला तांत्रिक भाग फार मोलाचा आहे, आणि त्याविषयी आपल्या भागात इतके गैरसमज आहेत की तो नीट उलगडून सांगितला पाहिजे.

मुळात मोठ्या रायफलीचे काडतूस काळ्या दारूवरच वाढलेले आहे. आपण ज्याला थ्री-नॉट-थ्री म्हणतो ते काडतूस ब्रिटिश सैन्याने १८८८ मध्ये स्वीकारले, तेव्हा त्यात काळीच दारू होती. सुमारे ७० ग्रेन (एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम) दारूची दाबून केलेली, मधोमध भोक असलेली वडी पुंगळीत बसवत आणि तिच्यावर २१५ ग्रेनची गोळी असे. तिचा वेग सेकंदाला सुमारे १,८५० फूट होता. तीन-चार वर्षांतच त्याच पुंगळीत कॉर्डाइट आले, म्हणजे शेवयांसारख्या लांब काड्यांची बिनधुराची दारू. ती केवळ ३१ ग्रेनच्या आसपास भरली तरी त्याच वजनाची गोळी सुमारे १,९७० फूट वेगाने जाऊ लागली. निम्म्याहून कमी दारूत अधिक वेग मिळाला, हे आकडे ध्यानात ठेवावेत, कारण पुढचे सारे त्यांवरच उभे आहे. आपल्याकडे परवानाधारकांच्या ओळखीची असलेली ३१५ बोअरची (म्हणजे ०.३१५ इंच तोंडाची) रायफलही त्याच घराण्यातली आहे. तिचे काडतूस ऑस्ट्रियाच्या आठ मिलिमीटर मानलिकर काडतुसावरून आले, आणि त्या मानलिकरची सुरुवातही १८८८ मध्ये काळ्या दारूनेच झाली होती.

आपली ३७५ मॅग्नम मात्र या घराण्यातली नाही. हॉलंड अँड हॉलंड यांनी ती १९१२ मध्ये आणली ती कॉर्डाइटसाठीच. तिची पुंगळी लांब आणि निमुळती आहे, आणि ३०० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे २,५०० फूट वेगाने जाईल, असे गृहीत धरूनच तिची दृष्टी (नेम धरण्याची खूण) बसवलेली असते. त्या पुंगळीत काळी दारू गच्च भरली तरी तेवढा वेग देण्याइतकी दारू तिथे मावतच नाही. काळ्या दारूच्या जमान्यात जोर वाढवायचा तर नळीचे तोंडच मोठे करावे लागे. चार बोअरची बंदूक म्हणजे पाव पौंडाची, सुमारे ११३ ग्रॅमची, एक गोळी; इथे बोअर म्हणजे एका पौंडात अशा किती गोळ्या होतात तो आकडा. ती हत्तीसाठी का लागत असे, हे यावरून कळावे. ३७५ च्या बारीक तोंडातून काळ्या दारूने सुटलेली गोळी पुष्कळ हळू जाईल, दृष्टीपेक्षा खूप खाली पडेल, आणि तांब्याच्या आवरणाची गोळी त्या मंद वेगाला जनावरात शिरल्यावर फुलणारही नाही. काळ्या दारूच्या गोळ्या मऊ शिशाच्या आणि जाड असत, त्याचे कारण हेच आहे.

दुसरी अडचण काजळीची आहे. काळ्या दारूत सोरा, कोळसा आणि गंधक असतात. ती जळली की तिच्या निम्म्याहून अधिक वजनाचा भाग वायू न होता घनच राहतो. त्यातला काही भाग धूर होऊन बाहेर पडतो आणि उरलेला नळीत चिकटतो. रुंद तोंडाच्या जुन्या नळीत पाच-दहा बार ते निभावते, पण बारीक आणि जलद पिळाच्या नळीत थोड्याच बारांनंतर गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचा भरून येतात आणि नेम हलतो. ब्रिटिशांनी थ्री-नॉट-थ्रीच्या पहिल्या रायफलीत मेटफोर्ड यांच्या उथळ, गोलसर खाचा घेतल्या होत्या त्या या काजळीसाठीच. कॉर्डाइट आल्यावर त्याच्या उष्णतेने त्या खाचा झिजून जाऊ लागल्या, म्हणून १८९५ मध्ये एनफिल्डच्या खोल खाचा आल्या आणि ली-मेटफोर्डची ली-एनफिल्ड झाली.

रायफल फुटेल का, असेही आपण विचारले आहे. पुंगळी पूर्ण भरलेली असेल तर काळ्या दारूचा दाब या रायफलीला जड नाही. पण दारू कमी भरून पोकळी ठेवली तर त्या पोकळीमुळे नळीला कडे घातल्यासारखा फुगवटा येऊ शकतो. ‘कमी भरले की सुरक्षित’ हा आपला नेहमीचा हिशेब इथे उलटा पडतो.

खरा धोका मात्र उलट दिशेचा आहे, आणि तो आपल्या गावांतून मी पाहिलेला आहे. लष्करात शस्त्रदुरुस्तीच्या कामावर अनेक वर्षे काढून परत आल्यावर खानापुराकडच्या एका गावातून माझ्याकडे एक ठासणीची बंदूक आणली गेली. काळी दारू संपली म्हणून कोणी तरी बारा बोअरचे काडतूस फोडून त्यातली दारू नेहमीच्याच मापाने नळीत ओतली होती. नळी कानापासून, म्हणजे केप (ठिणगी पाडणारी छोटी टोपी) बसवतात त्या मागच्या टोकापासून, वीतभर अंतरावर केळीच्या सालीसारखी उलगडली होती, आणि दस्त्याच्या लाकडात लोखंडाची एक चिरफळी इतकी खोल रुतली होती की ती पकडीनेही निघाली नाही. बंदूक धरणाऱ्याची डाव्या हाताची दोन बोटे गेली. काळ्या दारूच्या जळण्याचा वेग दाबाने तुलनेने कमी वाढतो. बिनधुराची दारू मात्र दाब वाढेल तशी कितीतरी अधिक वेगाने जळते, आणि त्या जळण्याने दाब आणखी वाढतो. म्हणून एकीचे माप दुसरीला कधीही लावू नये, मग ते वजनाचे असो की मापट्याचे.

परदेशात हौशी लोक हा उद्योग करतात तो तिथल्या कायद्याच्या चौकटीत, आणि तयार पुंगळ्या, मोजणीची साधने आणि काळ्या दारूसाठीच घडवलेल्या रायफली हाताशी असताना करतात. आपल्याकडच्या जपून ठेवलेल्या पुंगळ्यांपैकी किती पुंगळ्यांचे पितळ जुनेपणामुळे ठिसूळ झाले असेल, हे डोळ्यांनी सांगता येत नाही. त्यांचा मोह सोडावा, आणि काडतुसे परवानाधारक विक्रेत्याकडून मागवावीत. पिकाच्या राखणीसाठी रायफल हवी असेल, तर गवा किंवा रानडुक्कर यांच्यावर वनखात्याच्या परवानगीविना बार टाकणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हेही लक्षात असावे.

प्रश्न : आमच्याकडे दुनळी ५०० एक्सप्रेस रायफल वारशाने आली आहे. नायट्रो एक्सप्रेसचे (बिनधुराच्या दारूचे) काडतूस तिच्यात अगदी बरोबर बसते. म्हणजे ते चालते, असे समजावे काय? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : नाही, मुळीच समजू नये. आपला प्रश्न वाचून मला काळजी वाटली म्हणून सविस्तर लिहितो. तीन इंची ५०० नायट्रो एक्सप्रेस हे काडतूस जुन्या काळ्या दारूच्या ५०० एक्सप्रेसच्याच पुंगळीत कॉर्डाइट भरून झाले. दोघांचे माप एकच असल्याने ते आपल्या रायफलीत बसणारच. १८९८ मध्ये जॉन रिग्बी यांनी ४५० च्या बाबतीतही हेच केले होते. जुन्या काळ्या दारूच्या पुंगळीत ७० ग्रेन कॉर्डाइट आणि ४८० ग्रेनची गोळी घालून त्यांनी सेकंदाला २,१५० फूट वेग मिळवला, पण त्यासाठी रायफल नव्याने आणि अधिक मजबूत घडवली. पुंगळी जुनी राहिली, नळी आणि कुलूप (नळी मागून बंद करणारा भाग) बदलले. तुमच्या रायफलीचे कुलूप यांतले कोणते आहे, हे काडतूस बसते की नाही यावरून कळत नाही.

ते नळीच्या खालच्या बाजूच्या चाचणीच्या शिक्क्यांवरून कळते. लंडन आणि बर्मिंगहॅम येथील चाचणीगृहांनी नायट्रो दारूवर तपासलेल्या नळ्यांवर मुकुटाखाली (बर्मिंगहॅम) किंवा तलवार धरलेल्या हाताखाली (लंडन) ‘एन पी’ ही अक्षरे, पुढच्या काळात बर्मिंगहॅमची ‘बी एन पी’, किंवा ‘नायट्रो प्रूव्ह्ड’ असे शब्द आढळतात. ते नसतील तर ती रायफल काळ्या दारूचीच समजावी. काळ्या दारूच्या रायफलीसाठी ‘नायट्रो फॉर ब्लॅक’ नावाची हलक्या भाराची काडतुसेही पूर्वी येत, पण पेटीवर लिहिलेले वाचल्याशिवाय ती ओळखू येत नाहीत, आणि पेट्या आता क्वचितच कुणाकडे उरलेल्या असतात. नळ्या काढण्याचे काम परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावे. रायफल वारशाने आली असली तरी ती आपल्या नावावर परवान्याने चढली आहे का, हेही तपासून घ्यावे.

याच निमित्ताने एक गोष्ट सांगावीशी वाटते. ४५० चे काडतूस हिंदुस्थानात आणि सुदानात १९०७ मध्ये ब्रिटिशांनी बंद केले, कारण मार्टिनी-हेन्री या ब्रिटिश सैन्याच्या जुन्या बंदुकीची गोळीही ४५० चीच होती आणि ती बंडखोरांच्या हाती पडेल, अशी त्यांना भीती होती. ४६५ आणि ४७० ही विचित्र मापे मोठ्या रायफलींत रुळली ती त्या बंदीमुळे.

प्रश्न : पावसाळ्यात ठासणीची बंदूक कितीही तेल लावले तरी गंजते. उपाय सांगावा. (एक वाचक, जांबोटी परिसर)

उत्तर : तेल गंजाला अडवते, पण काजळीला काढत नाही. काळ्या दारूच्या काजळीतले क्षार हवेतले पाणी ओढून घेतात, आणि जांबोटी-कणकुंबीच्या पावसात त्यांना ते भरपूर मिळते. काजळीवरच तेल चोपडले तर तिचा डांबरासारखा चिकटा होतो आणि त्याखाली लोखंड खात राहते. म्हणून बार टाकलेल्या दिवशीच नळी कढत पाण्याने धुवावी, साबणाचे पाणी असल्यास उत्तम. पहिल्या पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो गंधकाचा. फडके पांढरे निघेपर्यंत आणि तो वास जाईपर्यंत पाणी बदलत राहावे. कढत पाण्याने लोखंड तापते आणि ओल आपोआप उडते. मग कोरडे फडके फिरवून, नळी कोमट असतानाच तेलाचा हलका हात द्यावा. केप बसवण्याच्या कानातले बारीक भोकही तारेने मोकळे करावे.

हे सारे करण्यापूर्वी बंदूक भरलेली नाही ना, हे पाहावे. नुसत्या नजरेवर विश्वास ठेवू नये, कारण गेल्या हंगामातला बार तसाच राहिलेल्या बंदुका माझ्याकडे एकदा नव्हे, तीनदा आलेल्या आहेत. चेहरा आणि हात नळीच्या तोंडापासून बाजूला ठेवून ठासणीचा गज सावकाश आत सोडावा, तो जिथे टेकेल तिथे नळीच्या तोंडाशी गजावर बोटाने खूण धरावी, आणि तोच गज बाहेरून नळीला लावून पाहावा. खूण तोंडाशी ठेवल्यावर गजाचे टोक कानापर्यंत पोहोचले तर नळी रिकामी आहे. ते कानाच्या अलीकडेच थांबले तर आत बार आहे असे समजावे, आणि तेव्हा पाण्याला हात न लावता आधी जाणत्या माणसाला बोलवावे.