साईटवरचे प्रश्न : बीआयएम करायचं म्हणजे नक्की काय करायचं?

मागच्या अंकात बीआयएमबद्दल, म्हणजे बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंगबद्दल, दोन ओळी लिहिल्या होत्या, बिल्डिंग आधी कॉम्प्युटरवर अख्खी बांधायची आणि मग साईटवर. त्यावर भरपूर प्रश्न आलेत. बरेचसे सारखेच होते म्हणून निवडक घेतलेत. नावं छापत नाही.

आमचं मिरजेत पार्किंग प्लस ७ चं काम सुरू होतंय, २८ फ्लॅट. आर्किटेक्ट म्हणतात बीआयएम करून घ्या, त्याचे स्क्वेअर फुटावर वेगळे पैसे. पण आमच्याकडे ब्रोशरसाठी केलेला थ्रीडी आहे, वॉकथ्रू पण आहे. मग परत कशाला? आणि हे मेट्रो, एअरपोर्टवाल्यांचं काम ना?

दादा, ब्रोशरचा थ्रीडी गिऱ्हाइकासाठी असतो. त्यातल्या भिंतीला रंग असतो, बाकी काही नसतं. मॉडेलमधली भिंत सहा इंची का नऊ इंची, ब्लॉकची का विटेची, कुठल्या मजल्यावरची, तिच्यात दार कुठलं, हे सगळं तिच्यासोबत असतं आणि तुम्ही दार सरकवलंत की प्लॅन, सेक्शन, दारांचा तक्ता सगळीकडे ते सरकतं.

पण खरं कारण ते नाहीच. आपल्याकडे काम कसं चालतं बघा. आर्किटेक्टचं ड्रॉइंग वेगळं, आरसीसी कन्सल्टंटचं वेगळं, आणि प्लंबिंगचं बऱ्याचदा नसतंच, प्लंबर येतो आणि खडूने भिंतीवर काढतो. ही तिन्ही पहिल्यांदा एकत्र कुठे भेटतात? स्लॅबवर. आणि तेव्हा सेंट्रिंग (काँक्रीटखालचा साचा) लागलेलं असतं, स्टील बांधलेलं असतं, काँक्रीटची गाडी सांगितलेली असते. मग टॉयलेटच्या डक्टमधूनच, म्हणजे पाईपसाठी ठेवलेल्या उभ्या पोकळीतूनच, बीम चाललाय हे कळतं आणि सगळे म्हणतात आता होऊ द्या, नंतर कोअर कटिंग करू. म्हणजे बीमला भोक. आरसीसीवाल्याला सांगायचं पण नाही.

तुमच्या पार्किंगचंच घ्या. बीमच्या खाली २.४ मीटर मोकळी उंची मिळतेय असं धरू. वरच्या टॉयलेटची ११० मिमी ड्रेनेज लाईन बीमच्या खालून ९ मीटर लांब चेंबरपर्यंत न्यायचीय. ६० ला १ उतार धरला तरी शेवटाला पाईप १५० मिमी खाली येणार. म्हणजे पाईपच्या तळाशी राहिले २.१४ मीटर, क्लॅम्प आणि बेंड अजून धरलेच नाहीत, आणि फायरची लाईन आडवी आली तर ती याच्याही खालून जाणार. टपावर कॅरिअर लावलेली मोठी गाडी तिथून जाताना ड्रायव्हर मान बाहेर काढून बघत बघत जातो. हे कागदावर कुणालाच दिसत नाही कारण प्लंबिंगच्या प्लॅनमध्ये बीम नसतो आणि बीमच्या ड्रॉइंगमध्ये पाईप नसतो. मॉडेलमध्ये दोन्ही एकत्र टाकले की क्लॅश, म्हणजे पाईप आणि बीमची टक्कर, लगेच दिसतो, आणि तेव्हा टॉयलेट फिरवायचं का लाईन दुसऱ्या बाजूने काढायची हे चहा पिता पिता ठरवता येतं.

मेट्रोवाल्यांचं म्हणाल तर हो, नागपूर मेट्रोने फाइव्ह-डी बीआयएम वापरलं, म्हणजे थ्रीडीला वेळ आणि खर्च जोडला. तुम्हाला त्यातलं एवढं सगळं नको. तुम्ही आर्किटेक्टना सांगा की पार्किंग, एक टिपिकल मजला आणि टेरेस एवढंच मॉडेल करा, त्यात आरसीसी आणि प्लंबिंग दोन्ही पाहिजे, फर्निचर आणि झाडं नकोत. सात मजले सारखेच असतील तर एका मजल्यातला घोळ सात वेळा होतो, आणि एकदा सुधारला की सातही ठिकाणी सुधारतो.

आता अवघड भाग. मॉडेलमध्ये पाईप टाकायचे तर ते कुठून जाणार हे आधी कुणीतरी ठरवलं पाहिजे ना? आपल्याकडे प्लंबिंगचं काम आरसीसी वर चढल्यावर देतात, रेट पाडून पाडून. तोपर्यंत मॉडेल करणारा पोरगा अंदाजाने पाईप टाकतो आणि साईटवर वेगळंच होतं. माझ्या मते इथल्या निम्म्या बीआयएमचं हेच होतं, पैसे जातात आणि लोक म्हणतात काही उपयोग नाही. म्हणून मॉडेलचे पैसे द्यायच्या आधी प्लंबिंग कन्सल्टंटला फी द्या, फुटिंगच्या आधी. ती फी जड वाटते, कारण आपल्याला डिझाईनचे पैसे शेवटी शेवटी द्यायची सवय आहे. ते जमणार नसेल तर मॉडेल करूच नका, खरंच, वॉकथ्रू पुरे.

मी नाशिकला क्वांटिटी आणि बिलिंग बघतो. मॉडेलमधून काढलेला प्लास्टरचा एरिया आणि कॉन्ट्रॅक्टरचं आरए बिल (काम चालू असताना टप्प्याटप्प्याने दिलेलं) कधीच जुळत नाही, नेहमी मॉडेलचा कमी येतो. मालक म्हणतात कॉन्ट्रॅक्टर चोर आहे. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो सॉफ्टवेअर चोर आहे.

हा प्रश्न मला फार आवडला. दोघंही बरोबर असू शकतात!

सॉफ्टवेअर भूमितीने मोजतं, बिल मोजमापाच्या नियमाने होतं, म्हणजे आयएस १२०० या भारतीय मानकाने. प्लास्टरसाठी त्यात काय आहे, ०.५ चौरस मीटरपर्यंतचं ओपनिंग असेल तर वजावट नाही. ०.५ ते ३ मध्ये असेल तर एकाच बाजूची वजावट, दुसऱ्या बाजूची सोडून द्यायची, आणि त्या बदल्यात जांबचे (ओपनिंगच्या आतल्या बाजूंचे), सिलचे (खालच्या कडेचे) वेगळे पैसे द्यायचे नाहीत. आता १ बाय २.१ चं दार घ्या. सॉफ्टवेअर दोन्ही बाजूंनी कापणार, म्हणजे ४.२. नियमाने कापायचं २.१. दोनशे दारं असली तर ४२० चौरस मीटरचा फरक इथेच पडला, चोरी न होता.

काँक्रीटमध्ये याच्या उलटं होतं, तिथे मॉडेल जास्त दाखवू शकतं. बीम आणि स्लॅब जिथे मिळतात तिथे ते जॉइन केलेले नसतील तर तो तुकडा दोनदा मोजला जातो. २३० रुंद बीम आणि १२५ चा स्लॅब म्हणजे मीटरला साधारण ०.०२९ घनमीटर, मजल्यावर ३०० मीटर बीम असेल तर साडेआठ घनमीटरच्या वर गेलं, म्हणजे ६ घनमीटरवाली एक अख्खी गाडी आणि वर थोडं. त्यामुळे पहिल्या मजल्याची क्वांटिटी हाताने काढून ताडून बघा, मगच पुढच्या मजल्यांना मॉडेलवर भरवसा ठेवा. आणि वर्क ऑर्डरमध्ये एक ओळ टाकून घ्या की मोजमाप आयएस १२०० ने का मॉडेलच्या नेट एरियाने, म्हणजे सगळी ओपनिंग वजा करून. नेट एरियाने करायचं असेल तर कॉन्ट्रॅक्टर रेट वाढवून मागणार, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

सोलापूरला सिव्हिल डिप्लोमा झालाय. रेव्हिटचा, म्हणजे बीआयएमच्या सॉफ्टवेअरचा, तीन महिन्यांचा कोर्स करू का? इथे नोकरी मिळेल का? घरचे पुण्याला पाठवायला तयार नाहीत. (वाचक, मुलगी)

ताई, खरं सांगू? सोलापुरात बसून सोलापूरच्याच बिल्डिंगचं मॉडेल करायचं काम आज तरी थोडंच आहे. पुण्यात मात्र अशी बरीच ऑफिसं आहेत जिथली मुलं दिवसभर अमेरिकेतल्या, इंग्लंडमधल्या बिल्डिंगांची मॉडेलं करतात, तिकडच्या एका हॉस्पिटलचे डक्ट कुठून जातात ते त्यांना तोंडपाठ असतं आणि स्वतः राहतात त्या इमारतीचं साधं ड्रेनेज ड्रॉइंग कुणाकडे नसतं. इंग्लंडमध्ये सरकारी कामांना २०१६ पासून बीआयएम सक्तीचं झालं. आपल्याकडे अशी देशभराची सक्ती नाही.

कोर्स कर, पण कोर्सवाले बंगला बनवायला शिकवतात आणि सर्टिफिकेट देतात. ऑफिसात बंगला कुणी विचारत नाही. विचारतात की आरसीसी ड्रॉइंग वाचता येतं का, लॅप (दोन सळ्यांचा जोड) कुठे देतात, संक स्लॅब (टॉयलेटचा खाली घेतलेला स्लॅब) किती खाली घेतात आणि का, नेव्हिसवर्क्समध्ये (मॉडेलं एकत्र करून तपासायचं सॉफ्टवेअर) क्लॅश काढलेस तर त्यातले खरे कुठले आणि फालतू कुठले. हजार क्लॅश काढणं सोपं आहे, त्यातले वीस महत्त्वाचे निवडायला साईट बघितलेली लागते. म्हणून आधी सहा-आठ महिने सोलापुरातच एखाद्या साईटवर जा, पगार कमी असला तरी चालेल, आणि संध्याकाळी त्याच साईटचं मॉडेल स्वतः कर. इंटरव्ह्यूला तेच दाखव. घरून काम देणारे पण आहेत, पण ते बहुतेक अनुभवानंतरच देतात, घरच्यांना तसं सांग.

रेव्हिटचं लायसन्स परवडत नाही. क्रॅक वापरला तर चालतो का?

नाही. आणि कॉलेजचं स्टुडंट लायसन्स धंद्याला वापरणं पण त्यातच आलं. २०१६ नंतर रेव्हिट बनवणाऱ्या ऑटोडेस्कने एकदाच पैसे भरून कायमचं मिळणारं नवीन लायसन्स देणं बंद केलं, दरवर्षी भरायचं, त्यामुळे छोट्या ऑफिसला जड जातं हे मान्य. एकट्याने काम करत असाल तर रेव्हिट एलटी स्वस्त पडतं, पण त्यात एका मॉडेलवर चार जणांनी एकत्र काम करता येत नाही आणि प्लगइन चालत नाहीत. फुकटात ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरवरचं बोन्साय आहे, आणि फ्रीकॅडच्या १.० व्हर्जनमध्ये, जे नोव्हेंबर २०२४ ला आलं, बीआयएमची सोय आतच आहे. शिकायला वेळ लागतो, यूट्यूब बघून डोकं फिरतं, पण चोरीचं नाही.

अजून एक, कुठलंही घ्या पण कन्सल्टंटबरोबर व्हर्जन आधी ठरवा. २०२५ मध्ये सेव्ह केलेली रेव्हिट फाईल २०२३ मध्ये उघडत नाही, आणि हे नेहमी स्लॅबच्या आदल्या दिवशीच कळतं. वेगवेगळी सॉफ्टवेअर असतील तर आयएफसी फाईल मागा, तो सगळ्यांसाठी खुला फॉरमॅट आहे, फक्त त्यात एडिट करायची अपेक्षा ठेवू नका, बघायला आणि तपासायला चांगला.

मॉडेल केलं तर महापालिकेत सँक्शन लवकर होतं का?

नाही होत. आपल्याकडे ऑनलाईन प्लॅन तपासणी कॅड ड्रॉइंगवर चालते, ठरलेल्या लेअरमध्ये काढून दिलेल्या. ऑटोडीसीआर, म्हणजे ही तपासणी करणारं सॉफ्टवेअर, ज्यांनी वापरलंय त्यांना लेअर चुकला की काय होतं ते माहितीये. सिंगापूरने थेट मॉडेल सादर करायची पद्धत केव्हाच आणली, आपल्याकडे मॉडेल कितीही सुंदर असलं तरी त्यातून सँक्शनचं ड्रॉइंग वेगळं काढूनच द्यावं लागतं.

पझेशननंतर मात्र मॉडेल कामाला येतं. रेरामध्ये बांधकामातल्या दोषांची जबाबदारी पझेशनपासून ५ वर्षं बिल्डरवर असते आणि तक्रार आली की ३० दिवसांत स्वखर्चाने दुरुस्ती करून द्यायची असते. चौथ्या वर्षी ३०२ च्या बाथरूममधून २०२ मध्ये ओल आली तर पाईप कुठून गेलाय हे सांगणारा प्लंबर तोपर्यंत गावाला गेलेला असतो, तेव्हा ते मॉडेल सांगतं. अर्थात मॉडेल साईटप्रमाणे दुरुस्त करून ठेवलेलं असेल तरच, आणि ते कुणी ठेवत नाही कारण त्याचे पैसे कुणी देत नाही.

मॉडेल केलं, टॅब पण घेऊन दिला साईटवर. मुकादम बघतच नाही, सुपरवायझर त्यावर क्रिकेट बघतो. काय करायचं?

टॅब परत घ्या. फिटरच्या हाताला सिमेंट, ऊन डोक्यावर, स्क्रीन दिसत नाही, त्याने का बघावा? त्याला लागतं ते द्या. एका टॉयलेटचा थ्रीडी व्ह्यू ए-थ्री कागदावर काढा, पाईपला साईज आणि स्लीव्हला (पाईप आरपार जायला ठेवलेल्या नळीला) स्लॅबपासूनची मापं मराठीत लिहा, लॅमिनेट करून त्याच टॉयलेटच्या भिंतीला लावा. बिहार-बंगालची टीम असेल तर हिंदीत लिहा. कोपऱ्यात मोठ्या अक्षरात रिव्हिजन नंबर आणि तारीख. नवीन कागद लावला की जुना तिथेच फाडायचा, सुपरवायझरच्या समोर, नाहीतर दोन्ही लटकत राहतात आणि फिटर जुन्याने काम करतो.

आणि स्लॅबच्या तीन दिवस आधी मुकादम, फिटर, प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन चौघांना ऑफिसात बोलवा, मोठ्या स्क्रीनवर तोच मजला फिरवून दाखवा. प्लंबर हमखास म्हणेल, साहेब इथे पाना फिरवायला जागाच नाही. तेव्हा मॉडेल करणारा पोरगा तिथे बसलेला पाहिजे, म्हणजे तो तिथल्या तिथे बदलेल.