लीकच्या बुंध्यातून पुन्हा पात

प्रश्न : लीक या कांद्याच्या कुळातल्या, जाड पांढऱ्या दांड्याच्या भाजीचा मुळांकडचा तुकडा पाण्यात ठेवला की त्याला पुन्हा पात फुटते, असे ऐकले आहे. मुंबईतील सदनिकेच्या खिडकीत हे साधेल का? आणखी कोणत्या भाज्यांबाबत असे करता येते?
– एक वाचक, दादर

उत्तर : साधेल, मात्र विक्रेत्याने मुळांची चकती कापून टाकलेली नसावी. मुळांसकट पांढऱ्या भागाचा ४-५ सेंमी तुकडा राखून तो केवळ मुळे बुडतील इतक्या पाण्यात उभा ठेवावा, म्हणजे काही दिवसांतच मधल्या गाभ्यातून हिरवी पाने वर येऊ लागतात. ही वाढ तुकड्यात साठलेल्या अन्नावर होत असल्याने लवकरच मंदावते. म्हणून नवी मुळे दिसताच तो निचऱ्याच्या मातीत लावावा. लीकला थंड हवा मानवते, तेव्हा मुंबईत नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ बरा, आणि तरीही जाड दांड्याची अपेक्षा ठेवू नये. खरे तर आपल्याकडे पातीचा कांदा अधिक भरवशाचा. गवती चहाचे ठोंबही सहज रुजतात. गाजराच्या शेंड्याला मात्र पालाच फुटतो, गाजर नव्हे. पाणी रोज बदलावे, कारण ते नासले की तुकडा कुजतो, शिवाय साठलेल्या पाण्यात डेंग्यू पसरवणारे डास वाढतात.