नऊ वर्षांत तीन अणू

प्रश्न : नागपूरच्या इतवारीत माझं हार्डवेअरचं दुकान आहे. मुलगी अकरावी सायन्सला. तिला निहोनियम नावाच्या ११३व्या मूलद्रव्याचं वेड लागलंय, इंजिनिअरिंग नको म्हणते. पापणी लवायच्या आत जे नाहीसं होतं, त्यात करिअर काय टिकणार?

उत्तर : भाऊ, तुमचा हिशोब चुकलेला नाही. जपानमध्ये घडवलेला तो अणू सेकंदाच्या काही हजाराव्या भागात फुटतो. पण तो बनतो कशाचा? तुमच्या दुकानातल्या जीआय पाइपवर चढवलेलं असतं ते जस्त, अणुक्रमांक ३०. ते प्रचंड वेगानं बिस्मथ या धातूच्या पातळ थरावर आदळायचं. त्याचा क्रमांक ८३. बेरीज तुम्हीच करा.

रिकेन संस्थेत कोसुके मोरिता यांच्या गटानं हे काम २००३ मध्ये सुरू केलं. पहिला अणू २००४ ला मिळाला, दुसरा २००५ ला आणि तिसरा थेट २०१२ ला. अणू काही डोळ्यांना दिसत नाही. दर वेळी एक अल्फा कण (दोन प्रोटॉन, दोन न्यूट्रॉन) फेकत तो दोन-दोन क्रमांकांनी कुठून कुठे उतरला, त्या खुणांवरून ओळखायचा. पहिल्या दोघांची ही साखळी डब्नियमपाशीच (क्रमांक १०५) तुटली. तिसरा मेंडेलेव्हियमपर्यंत (क्रमांक १०१) उतरला, तेव्हा कुठे दावा पक्का झाला. मान्यता २०१५ च्या डिसेंबरात. मधली सात वर्षं हाती काही नाही! सात वर्षं गिऱ्हाईक फिरकलं नसतं तर तुम्ही शटर कधीच ओढलं असतं. मीही.

म्हणून विषय आवडतो का, हे मुलीला विचारू नका, आवडतोच. फसलेला प्रयोग चौथ्यांदा मांडताना तिची चिडचिड होते का, ते बघा.

निव्वळ अतिजड मूलद्रव्यांवर भारतात पोट भरेल, असं मी म्हणणार नाही. पण डिटेक्टर, किरणोत्सार, त्वरक (कण वेगानं पळवणारी यंत्रं) यांत हात बसला की भाभा अणुसंशोधन केंद्र आहे, कोलकाता-दिल्लीचे त्वरक आहेत, कॅन्सर हॉस्पिटलांतलं रेडिएशनचं कामही आहे.

बारावीला नेस्ट ही प्रवेश परीक्षा द्यायला लावा, त्यावर नायसर भुवनेश्वर आणि मुंबईचं सीईबीएस या विज्ञान संस्था मिळतात. आयसर या केंद्राच्या विज्ञान संस्थांसाठी आयएटी ही परीक्षा वेगळी. जेईईचा क्लास लावला असेल तर बंद करू नका, तोच अभ्यास कामी येतो. नाहीच जमलं तर सिव्हिल लाइन्सची शासकीय विज्ञान संस्था घराजवळच आहे. तिथून बीएस्सी, मग एमएस्सीसाठी जॅम ही प्रवेश परीक्षा.

पीएचडी धरून बारावीनंतर दहा-अकरा वर्षं जातील. घरात कोणाला तिच्या लग्नाची घाई असेल, तर हा आकडा त्यांना आत्ताच सांगून ठेवा.