क्वालिटीवर घातलेला पैसा परत कुठून येतो?

तुमचा प्रश्न सगळ्या धंद्यांबद्दल आहे, पण मी फौंड्रीपुरतंच, म्हणजे लोखंड वितळवून वाळूच्या साच्यात ओतायच्या कारखान्यापुरतंच सांगतो. 'रिजेक्ट माल परत भट्टीतच जातो, मग नुकसान कसलं?' हे वाक्य कोल्हापुरात शिरोलीपासून गोकुळ शिरगावपर्यंत ऐकू येतं आणि ते साफ चूक आहे. परत जातं ते फक्त लोखंड.

महिन्याला 100 टन चांगलं कास्टिंग, म्हणजे ओतीव माल, द्यायचंय असं धरा. रिजेक्शन 8 टक्के असेल तर 108.7 टन काढावं लागतं, 4 टक्के असेल तर 104.2. फरक साडेचार टनांचा. रनर-रायझर (साच्यातल्या रसाच्या वाटा आणि जादा रसाचे साठे, जे नंतर तोडून काढतात) धरून यील्ड, म्हणजे ओतलेल्या रसातून हाती येणारं कास्टिंग, 60 टक्के, म्हणजे साडेसात टन जास्तीचा रस. टनाला 600 युनिट धरले तर 4,500 युनिट वीज गेली. वर बेंटोनाइट (वाळू धरून ठेवणारी माती), कोअर (आतली पोकळी घडवणारे वाळूचे गाभे), मोल्डिंगची म्हणजे साचे बनवायची मजुरी, फेटलिंग (कास्टिंगची साफसफाई). यातलं काय भट्टीतून परत येतं?

मोठा फटका तर पुढेच आहे. कातडीखालचा ब्लोहोल, म्हणजे वायूने पडलेली पोकळी, फेटलिंगला दिसत नाही, तो गिऱ्हाइकाकडे मशीनवर बोअरच्या (आतल्या भोकाच्या) शेवटच्या कटला उघडा पडतो. मग डेबिट नोटमध्ये, म्हणजे गिऱ्हाईक आपल्या नावे टाकतो त्या वसुलीत, कास्टिंगच्या दरावर मशीनिंगचा खर्चही लागतो.

ब्लोहोल बऱ्याचदा वाळूतून येतो. ग्रीन सँडचा, म्हणजे साच्याच्या ओलसर वाळूचा, ओलावा साधारण 3 ते 3.5 टक्के हवा. परत आलेली वाळू 50 अंशांच्या वर गरम असेल तर मिलमधला (वाळू कालवायच्या यंत्रातला) बरोबर ओलावा मोल्डपर्यंत, म्हणजे साच्यापर्यंत, पोचेतो उडतो, वाळू भुसभुशीत लागते आणि कोणीतरी अंदाजाने पाणी वाढवतो. तिथेच घोळ होतो, जास्तीच्या पाण्याची वाफ रसात अडकते. मूठ दाबून वाळू ओळखण्याचा अभिमान बाजूला ठेवा. तासाला कॉम्पॅक्टिबिलिटी (वाळू दाबल्यावर किती टक्के बसते त्याची चाचणी) घ्या, 40 च्या आसपास राखा. पावसाळ्यात सीओटू कोअर (सिलिकेटने बांधून कार्बन डायऑक्साइडने कडक केलेले कोअर) रात्रभर उघडे ठेवू नका, सिलिकेट ओल धरतं. आणि प्रत्येक कास्टिंगवर हीट नंबर, म्हणजे भट्टीच्या कोणत्या घाणीतला माल त्याचा क्रमांक, हवाच. तो नसेल तर एका खराब हीटपायी अख्खा लॉट तपासत बसावं लागतं.

या आकड्यांत भर घालायची तर एवढीच: रिजेक्शन घटून मोकळी झालेली भट्टी भरायला ऑर्डर नसेल तर फायदा वीज, माल आणि डेबिट नोटांपुरताच राहतो. आणि कोल्ड शट (रसाचे दोन प्रवाह नीट न जुळता राहिलेली फट) घालवायला ओतण्याचं तापमान भरमसाट चढवलंत तर श्रिंकेज, म्हणजे थिजताना आकसून पडणारी पोकळी, अंगावर येईल.

मालकांपुढे टक्केवारी ठेवू नका. वर्षभराच्या डेबिट नोटा महिन्यावार लावा, शेजारी त्या महिन्यातले वाळूच्या ओलाव्याचे आकडे लिहा. जून ते सप्टेंबरच्या ओळी आधी वाचायला द्या.